तेल-तिखट : एका जोडशब्दाचा इतिहास

मागच्या व्याख्यानानंतर एक गृहस्थ भेटले, माझ्याच वयाचे. म्हणाले, "सर, डॉक्टरांनी तेल-तिखट बंद केलंय. आता जेवणात उरलं काय?" घरी जाताना रिक्षात माझ्या डोक्यात तो शब्दच घोळत राहिला. तेल-तिखट. ही दोन द्रव्यं एका श्वासात बोलण्याइतकी जवळ आली कधी?

आधी तिखट बघू. वैशेषिक दर्शनात रस सहा. त्यातला 'कटु' म्हणजे तिखट आणि 'तिक्त' म्हणजे कडू. मराठीत मात्र 'कटु'चं 'कडू' झालं आणि अर्थ उलटला. तिखटासाठी आपण 'तीक्ष्ण'वरून वेगळा शब्द घेतला. मी वर्गात हे सांगायचो तेव्हा मुलं पहिल्यांदा जागी व्हायची! आयुर्वेदात 'त्रिकटू' म्हणजे सुंठ, मिरी, पिंपळी. मिरचीचा पत्ताच नाही. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त स्वयंपाकावर केवढं तरी लिहिलंय. पण तिथेही मिरची नाही, कारण ती या खंडातच नव्हती. ती अमेरिकेची. पोर्तुगीजांबरोबर आली, आणि आपण मिरीवरूनच तिचं नाव पाडलं.

आता आपण बसलोय ते भाईंदर साष्टीच्या उत्तर टोकाला. १५३४ साली वसईचा हा सगळा टापू पोर्तुगीजांकडे गेला. मराठ्यांनी साष्टी घेतली १७३७ मध्ये आणि चिमाजीअप्पांनी वसई १७३९ मध्ये. म्हणजे दोनशे वर्षं. राज्य गेलं, पण बटाटा राहिला, कोबी राहिला, पाव राहिला. हे तिन्ही शब्दही त्यांचेच. उत्तन-गोराईच्या ईस्ट इंडियन घरांत उन्हाळ्यात मसाला कुटून बाटल्यांत भरतात, शेजारच्या आगरी-कोळी घरांत त्यांचा मसाला वेगळा. दोन्हींत मिरची आहेच. कोणी म्हणालं की मिरची हीच आपली परंपरा, तर मी भांडणार नाही. फक्त वय विचारीन.

तेलाचं तसंच. आज सर्रास वापरतो त्या तेलातला शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. त्याआधी तीळ, करडई, किनाऱ्याला खोबरेल. घाणीचं तेल, मोजून वापरायचं. १९३७ मध्ये डालडा आला. पुढे तेल पिशवीत मिळू लागलं आणि हात सैल सुटला. हॉटेलातला तेलाचा तवंग घरच्या भाजीवर दिसू लागला, तो माझ्या डोळ्यांदेखत. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० चं. त्यात वाटी-चमच्याचं माप आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. चमचा आला की हिशेब आला.

फोडणीत तेल कशाला लागतं? मोहरी, हिंग, मिरची यांचा वास आणि तिखटपणा तेलात उतरतो आणि भाजीभर पसरतो. त्याला एक चमचा पुरतो. बाकीचं शिजवण्याचं काम पाण्याचं. आपल्या आज्या झाकणावर ताटात पाणी ठेवायच्या, ते याचसाठी. फळभाजीला मीठ आधी लावलं की तिचंच पाणी सुटतं. (पालेभाजीला मात्र शेवटी. ती आळते, आणि मग खारट होते. मिठागरांच्या गावात हे सांगायला नको!)

पहिल्या पावसात बाजारात शेवळं येतात. आदिवासी बायका त्यांच्यासोबत काकडंही देतात. शेवळं नुसती शिजवली तर घशाला खाज सुटते. काकडाच्या आंबटपणानं ती मारली जाते. माळ कमी झाले, इमारती उठल्या, तरी वाटे अजून येतात. विकत घेताना त्या बाईंना कृती विचारा. पुस्तकापेक्षा नेमकं सांगतात.

असो. त्या गृहस्थांना मी म्हटलं, तेल आणि तिखट हे दोन वेगळे प्रश्न आहेत, डॉक्टरांना वेगवेगळे विचारा. त्यांनी विचारले. बंदी तेलापुरतीच निघाली. मग मी पडवळ सांगितलं: बारीक चिरायचं, मीठ चोळायचं, एक चमचा तेलात मोहरी-हिंग, ठेचलेलं आलं, पाचसहा मिरे भरडून, वर पाण्याचं ताट. शेवटी मूठभर ओलं खोबरं.

परवा भेटले. म्हणाले, "भाजी चांगली झाली सर, पण आमच्या सौ. म्हणतात, तुम्ही जिरं विसरलात."