सातबाराचें कोष्टक आणि माहितीची आकृति

राज्यांचा इतिहास लिहितांना आपण लढाया व तह मोजतों. परंतु राज्य ज्या कागदांतून प्रजेकडे पाहतें, त्या कागदावरील रेघांचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. नांवाचें घर डावीकडे असावें कीं उजवीकडे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. तथापि जमिनीवरील हक्क ज्या कागदानें दाखवावयाचा, तो शेताच्या धन्यास स्वतः वाचतां येतो, कीं त्यासाठीं दुसऱ्याचें तोंड पाहावें लागतें, हें त्या रेघांवरच पुष्कळ अंशीं ठरतें. डेटाबेसाची रचना संगणकाच्या पडद्यावर चित्ररूपानें आंखण्याचीं साधनें आज उपलब्ध आहेत. तीं सामान्य मनुष्यास सुलभ कशीं व्हावीं, हा विचार करतांना या जुन्या कागदाकडे वळणें व्यर्थ होणार नाहीं.

अंबड तालुक्यांतील शहागड हें गोदावरीच्या उत्तर तीरावरील गांव. पैलतीरीं गेवराई तालुका. दख्खनेंत सतराव्या शतकाच्या आरंभीं मलिक अंबरानें जमिनीची प्रतवारी पाहून धारा ठरविण्याची व्यवस्था केली. पुढें हा प्रदेश निजामाच्या राज्यांत गेला. १९४८ च्या सप्टेंबरांत हैदराबाद संस्थानाची स्वतंत्र सत्ता संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यांत आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. १ मे १९८१ पर्यंत शहागड औरंगाबाद जिल्ह्यांत होतें. त्या दिवशीं जालना जिल्हा निर्माण झाला. शेत जागचें हाललें नाहीं, पण त्याचा कागद मात्र पालटत गेला. हैदराबादचा १३१७ फसलीचा महसूल कायदा जाऊन १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता आली, आणि पाहणीपत्रकाच्या जागीं सातबारा हा शब्द घरोघर रुळला.

हा सातबारा म्हणजे दोन गांवनमुन्यांची जोडी. सातव्यांत अधिकाराची नोंद, बाराव्यांत पिकांची. हक्कांत झालेले बदल सहाव्या नमुन्यांत, म्हणजे फेरफार नोंदवहींत चढतात. आणि एका खातेदाराची गांवांतील सर्व जमीन आठ-अ मध्यें दिसते. सात नमुना गटाच्या बाजूनें पाहतो, आठ-अ खातेदाराच्या बाजूनें. वस्तुस्थिति एकच, परंतु ती दोन ठिकाणीं हातानें लिहावी लागे. एका जागीं बदल चढला व दुसरीकडे राहिला, तर दोन्ही कागद सरकारी आणि दोन्ही परस्परविरुद्ध, असा प्रसंग ओढवे.

हाच दोष दूर करण्याची वाट आय.बी.एम. कंपनींतील एडगर कॉड यांनीं १९७० सालीं दाखविली. माहिती कोष्टकांत मांडावी, एक गोष्ट एकाच जागीं नोंदवावी, आणि ज्याला जें दृश्य हवें तें त्या कोष्टकांतूनच काढून द्यावें, हा त्यांच्या विचाराचा इत्यर्थ. १९७६ सालीं पीटर चेन यांनीं त्यापुढें जाऊन अशी रचना चित्रांत कशी मांडावी हें सांगितलें: वस्तूंसाठीं चौकोन, आणि त्यांच्यांतील नात्यासाठीं शंकरपाळ्यासारखी आकृति. गट हा एक चौकोन, खातेदार हा दुसरा, आणि मध्यें धारणेचें नातें. आतां हिस्सा कोठें लिहावा? तो गटाचा गुण नव्हे, माणसाचाही नव्हे. तो त्या नात्याचा गुण आहे. कोष्टकांत जें चटकन ध्यानांत येत नाहीं, तें चित्रांत डोळ्यांस दिसतें.

परंतु चित्र काढलें म्हणजे तें सुलभ झालें असें नव्हे. आयव्हन सदरलंड यांच्या १९६३ च्या ‘स्केचपॅड’मध्यें पडद्यावरचा एक बिंदु हालविला कीं त्यास जोडलेल्या रेषाही मागोमाग हालत, रेषेनें आपलें नातें सोडूं नये, हा धडा तेथून मिळतो. मोशे झ्लूफ यांनीं १९७५ च्या सुमारास मांडलेल्या पद्धतींत मनुष्यानें रिकाम्या कोष्टकांत उदाहरण लिहावें आणि यंत्रानें त्यावरून प्रश्न ओळखावा अशी योजना होती. या दोहोंचा संयोग करणें हेंच साधन आंखणाऱ्याचें काम होय. दोन चौकोन जोडतांच साधनानें वापरणाऱ्याच्या भाषेंत विचारावें: “एका गटाचे अनेक धारक असूं शकतात काय? एका धारकाचे अनेक गट असूं शकतात काय?” उत्तरावरून कावळ्याच्या पायाची ती तीनफाटी खूण त्यानेंच काढावी, खुणांची भाषा पाठ करण्याचा भार माणसावर टाकूं नये. प्रथम केवळ नांवें व नातीं दिसावींत, तपशील मागितल्यावर उलगडावा. शेजारीं दोनचार नमुन्याच्या नोंदी भरून दाखवाव्यात, म्हणजे चूक तत्काळ उघडी पडेल. आणि फेरफारवहींत जशी प्रत्येक बदलाची नोंद राहते, तशी येथेंही राहून मागें फिरण्याची वाट खुली असावी.

जाणते म्हणतील कीं सुलभतेनें सूक्ष्मता जाते. आमच्या मतें ती जात नाहीं, योग्य वेळेपर्यंत थांबते. २०२० सालीं सातबाराचा नमुना सुधारतांना लागवडीयोग्य क्षेत्र आणि पोटखराबा वेगळे दाखवून एकूण बेरीज देण्यांत आली, क्षेत्राचें एकक लिहिण्यांत आलें, खातेदारांच्या नांवांमध्यें रेघ आली. त्यानें माहिती उणी झाली नाहीं. ती वाचतां येऊं लागली.

या सर्वांत पणास काय लागतें, तें एका घराकडे पाहिलें म्हणजे कळतें. महाराष्ट्रानें १९९४ सालीं आणि केंद्रानें २००५ सालीं हिंदु वारसा कायद्यांत दुरुस्ती करून वडिलोपार्जित मिळकतींत मुलीस मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. तरीही पुष्कळ ठिकाणीं भावांचीं नांवें धारकांच्या रकान्यांत आणि बहिणीचें नांव ‘इतर हक्क’ या रकान्यांत चढत राहिलें. कायद्यानें तिला वारस म्हटलें. कागदानें तिला बाजूस बसविलें. उद्यां कोणी शहागडच्या जमिनींची रचना पडद्यावर आंखूं लागेल, तेव्हां गट आणि धारक यांमधील रेषेच्या टोकाशीं तो एक फाटा काढतो कीं अनेक, यावर त्या बहिणीचें नांव कोणत्या घरांत बसावयाचें हें अवलंबून राहील. ती रेषा तिला स्वतः पाहतां व समजतां आली पाहिजे. मग ती चुकली असल्यास तिचा आक्षेप वेळींच येईल, आणि त्यासाठीं तिला कोणा मध्यस्थाच्या ओसरीवर बसावें लागणार नाहीं.