गिरमिट आणि वतन

समुद्र ओलांडला की जात बाटते, असं पोथीत लिहिलं होतं. ज्यांच्याजवळ बाटण्यासारखी जात होती ते घाबरले. आपल्या माणसाजवळ बाटायला होतं काय? सावलीसुद्धा आधीच बाटलेली. म्हणून एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदराला मॉरिशसचं जहाज लागलं तेव्हा रत्नागिरी-साताऱ्याकडचे कुणबी-मराठे जसे चढले, तसे महारही चढले. शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट येत नाही. आली तरी 'मराठी माणूस सातासमुद्रापार गेला, तिथंही गणपती बसवतो, जाखडी नाचतो' एवढीच येते. कोण गेला, काहून गेला, कोणत्या कागदावर अंगठा देऊन गेला, तिथं सगळे मुके.

आधी गोऱ्यांचा हिशेब पाहा. ब्रिटिश पार्लमेंटनं 1833 साली गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला. मॉरिशसमध्ये तो 1 फेब्रुवारी 1835 पासून लागू झाला. आफ्रिकेतून, मादागास्करहून धरून आणलेले ऊसमळ्यांवरचे गुलाम कागदोपत्री सुटले. भरपाई मिळाली. कोणाला? मालकाला! साऱ्या साम्राज्यातल्या मालकांना मिळून 2 कोटी पौंड, त्यात मॉरिशसवाल्यांचे 21 लाखांच्या वर. ज्याची पाठ सोलली त्याला दमडी नाही. उलट आणखी काही वर्षं त्याच मळ्यावर 'उमेदवारी' कर म्हणाले. मालकांना द्यायला काढलेलं ते कर्ज इंग्लंडच्या सरकारनं फेडून संपवलं ते 2015 साली.

मालक हुशार होते. गुलाम सुटायच्या आधीच त्यांनी दुसरे हात बघून ठेवले. 2 नोव्हेंबर 1834 ला 'अ‍ॅटलस' जहाजातून कलकत्त्याहून 36 मजूर पोर्ट लुईला उतरले. छोटा नागपूरकडचे आदिवासी. मंग रांगच लागली. 1910 पर्यंत साडेचार लाख माणसं त्या बेटावर गेली. बहुतेक बिहार-उत्तर प्रदेशाकडची आणि तामिळ-तेलुगू मुलखातली. मुंबईवरून तीस हजारांहून जास्त. मधे फसवणुकीची इतकी बोंब झाली की भरती थांबवावी लागली, पण 1842 साली दार पुन्हा उघडलं. साखर गोड असते, ती खाणाऱ्याचे कानही बंद करते.

'अ‍ॅग्रीमेंट' हा शब्द मजुराच्या तोंडी 'गिरमिट' झाला. सुरुवातीला करार पाच वर्षांचा, मधे कमी केला, पुढे परत पाच. पगार महिना 5 रुपये, वर तांदूळ, डाळ, मीठ. यात एक कलम फार नामी होतं. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कापायचा. आजारी पडला तरी खाडाच. आम्ही गिरणीत राबणारे हा हिशेब बोटावर करू शकतो. एका महिन्यात दहा खाडे, तर वीस दिवस गेले. वर्षभर राबून मजूर मालकालाच देणं लागतो.

करार संपला तरी सुटका नव्हती. 1867 च्या कायद्यानं जुन्या मजुरालासुद्धा फोटो लावलेला पास खिशात ठेवणं भाग पाडलं. रस्त्यात पास नाही सापडला की भटक्या म्हणून तुरुंग. 1871 साली 9401 मजुरांनी याविरुद्ध अर्ज केला. लिहायला मदत केली अडोल्फ द प्लेविट्झ नावाच्या एका गोऱ्यानं. मळेवाले त्याच्यावर तुटून पडले. पण अर्जामुळं शाही चौकशी बसली आणि 1875 च्या अहवालात मजुरांच्या तक्रारी खऱ्या ठरल्या. अंगठेबहाद्दर म्हणून हिणवलेल्या माणसांनी कागदाला कागदानं उत्तर दिलं, हे ध्यानात घ्या दोस्तहो.

आता आपला मुद्दा. गिरमिट म्हणजे नवी गुलामगिरी, हे पुस्तकांतून सांगतात. कबूल. पण कोकणातला महार जी गावकी सोडून गेला तिला काय म्हणायचं? महारवतन. सरकारी टपाल पोचवा, साहेबाच्या घोड्यापुढं पळा, मेलेलं ढोर ओढा. दिवसरात्र, आणि एकट्यानं नाही, घरच्या साऱ्यांनी. मोबदल्यात तुकडाभर इनाम जमीन आणि दारोदार मागून आणलेलं बलुतं. गिरमिटाला मुदत होती, वतनाला नव्हती. गिरमिटात पाच रुपये का होईना, रोख लिहिले होते. जहाजावर चढणाऱ्या माणसानं हे तोलून पाहिलं नसेल असं मला वाटत नाही.

1912 साली नामदार गोखल्यांनी बड्या लाटाच्या कौन्सिलात गिरमिट बंद करा असा ठराव मांडला. सरकारनं पाडला. तरी रान उठलं, साऱ्या देशाला लाज वाटली आणि 1917 साली भरती थांबली. चांगलं झालं. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कौन्सिलात महारवतनाचं बिल आणलं, तेव्हा किती जणांना लाज वाटली? वतन गेलं ते 1959 साली. बेचाळीस वर्षांचं अंतर! परदेशातला कुली देशबंधू होता. वेशीबाहेरचा येसकर कोण होता?

माणूस मळ्यावर का जातो हे रंगावर नसतं, पोटावर असतं. 1907 ते 1913 या काळात स्पेनमधून सुमारे आठ हजार माणसं हवाई बेटांवर ऊस तोडायला गेली, बरीचशी अंदालुसिया भागातली. तिथं जमीन मूठभर जमीनदारांची आणि बाकी रोजंदार. पण ते गोरे. म्हणून त्यांना घराचं, एकरभर जमिनीचं आमिष होतं. आपल्याला पासच्या फोटोपुरतं तोंड.

आमच्या अड्याळ-पवनीकडून मॉरिशसला जायचा रस्ताच नव्हता. नागपूरला रेल्वे आली 1867 साली, तोवर मुंबईची ती भरती ओसरली होती. इकडचा महार जाडंभरडं कापड विणायचा. गिरणीच्या कापडानं माग बसले. मंग तो नागपुरात 1877 साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमध्ये गेला, तुमसरकडं मँगनीजच्या खाणीत उतरला. मध्य प्रांतातून, जास्त करून छत्तीसगडातून, माणसं आसामच्या चहामळ्यावर गेली. 1859 च्या कायद्यानं उचल घेऊन काम सोडणाऱ्याला तुरुंगात टाकता येत होतं. म्हणजे समुद्र नव्हता, गिरमिट होतंच. आणि जात? मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात महाराला घेत नव्हते. धोट्यातला दोरा तोंडानं ओढावा लागतो, तो बाटेल म्हणून. पिढीजात विणकराला! 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला.

मॉरिशसमध्ये मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिट्यांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, गाव, जात. गोऱ्या कारकुनानं हे सारं लिहिलं ते पळालेला माणूस धरता यावा म्हणून. आज त्याच वहीतून नातवंडं आपलं गाव शोधत येतात. गौरवग्रंथ लिहिणारे मात्र शेवटचा रकाना झाकून वाचतात.

आपल्याकडच्या आसाम-मँगनीजला गेलेल्यांची अशी वही आपल्या हाती नाही. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचारा: मुकादम कोण आला होता, उचल किती दिली, किती जण गेले, किती परतले. तारीख नसेल आठवत तर कोणत्या दुष्काळानंतर ते विचारा. लिहून पाठवा. पुढच्या अंकात जागा कमी पडली तर माझी कविता गाळा, असं संपादकांना सांगून ठेवलं आहे.