पेन्सिल आणि शाई

आमचा भाचा मोठ्या कंपनीत संगणकाला कामाला लावतो. म्हणजे नेमके काय करतो, हे विचारण्याची चूक मी गेल्या गणपतीत केली. चहावर साय धरेपर्यंत तो मला चार खोल्यांमधून हिंडवत होता. पहिलीत प्रोग्रॅम लिहायचा, ती डेव्हलपमेंट. दुसरीत लिहिणाऱ्याखेरीज इतरांनी तो झोडपून पाहायचा, ती टेस्टिंग. तिसरी हुबेहूब खऱ्यासारखी मांडलेली, ती स्टेजिंग. इथे रंगीत तालीम. आणि चौथी प्रॉडक्शन. तिथे खरी माणसे, खरे पैसे!

"मामा, तपासल्याशिवाय काही चौथीत जाऊ द्यायचं नाही. एकदम नवी शिस्त आहे ही."

नवी? इथे माझ्यातला शेतकरी जागा झाला. आम्ही राहतो शहापुरात, पण भाताचे वडिलोपार्जित सव्वा एकर आहे मुरबाड तालुक्यात. सव्वा एकराचा धनी एरवी गप्प बसेल, सातबाऱ्याचा विषय निघाल्यावर नाही.

मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा आला १९०३ साली. पुढे १९६६ च्या जमीन महसूल संहितेतही तिची शिस्त टिकली. समजा, घरातला कर्ता गेला. वारसांची नावे तलाठी थेट सातबाऱ्यावर पक्की करीत नसे. आधी नमुना सहाच्या वहीत फेरफार लिही. मग चावडीवर नोटीस लागे, हरकतीला पंधरा दिवस. कुणी भांडत आलाच, तर त्याच्यासाठी विवादग्रस्त नोंदींची वेगळी वही! तोवर सातबाऱ्यावर नोंद दिसे ती पेन्सिलीची. सर्कलसाहेब, म्हणजे मंडल अधिकारी, कागद तपासून ती प्रमाणित करीत, तेव्हा कुठे तिच्यावर शाई फिरे. लिहिणारा एक, मंजूर करणारा दुसरा. खोल्या नव्हत्या, पण खोडरबर होते.

भाचा जरा सावरून बसला.

मग सातबारा संगणकात गेला. वर्षानुवर्षांची हस्ताक्षरे टंकायची म्हणजे चुका होणारच. म्हणून २०१७ साली गावोगाव चावडीवाचन झाले. आमच्या गावी मारुतीच्या देवळात माणसे जमली. आमच्या काकूला अक्षरओळख नाही. ती खांबाला टेकून ऐकत होती. आमचा गट आला. मुलांची नावे वाचली, आणि वाचणारा पुढच्या गटावर गेला.

"थांब रे बाबा," काकू म्हणाली. "माझं नाव कुठं गेलं? लावणीला तर मी होते!"

देवळात हशा पिकला. पण जुना उतारा काढून पाहिला, तर त्यावर तिचे नाव होते; टंकताना गळले होते. ते तसेच पक्के झाले असते, तर सारी हयात चिखलात काढलेल्या बाईला आपल्याच बांधावर पाहुणी व्हावे लागले असते. दुरुस्ती झाली. १ मे २०१८ रोजी राज्यात डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला. आमच्या उताऱ्यावर काकू आहे.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, ज्याचं काम त्यानंच शेवटी तपासायचं, ह्याला आम्ही यूजर ॲक्सेप्टन्स टेस्टिंग म्हणतो."

"असेल," मी म्हटले. "आम्ही काकू म्हणतो."