भोंगा आणि नदी

नंदनवनात माझ्या घरापासून नाग नदी जवळच. वास आला की दिशा कळते. के. हरिहरन यांचा ‘एळावदु मनिदन’ (१९८२) हा तमिळ चित्रपट पाहताना तीच आठवली. हे हरिहरन ‘घाशीराम कोतवाल’ (१९७६) या मराठी चित्रपटाच्याही दिग्दर्शकांपैकी एक. कारखाना माणसांना पिळतो आणि परिसरही नासवतो, हे दोन्ही अन्याय त्यांचा तमिळ चित्रपट एकत्र मांडतो.

नागपुरात १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. १८८६ चा पेन्शन फंड, १९०१ चा भविष्यनिर्वाह निधी यांचं कौतुक आपण ऐकतो, आणि ते रास्तच आहे. पण त्याआधी, १८७७ मध्येच, तिथल्या विणकरांनी मजुरीच्या दरासाठी संप केला होता. त्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत.

आता मिलच्या जागी मॉल आहे. भोंगा थांबला, नदी मात्र काळीच. तिच्यातली घाण मुख्यतः शहराच्या सांडपाण्याची, म्हणजे माझ्याही घरातली. ती कन्हानमार्गे वैनगंगेत, गोसीखुर्दच्या जलाशयात जाते. विणकरांनी मालकाला मजुरीचा हिशेब विचारला. उद्या खालच्या गावांनी पाण्याचा हिशेब विचारला, तर मालकाच्या जागी आपण असू.