टिचकी आणि इको

आमच्या भंडाऱ्यात पितळी भांडं घेताना त्याला टिचकी मारून बघतात. चीर असली तर आवाज बद्द येतो. हृदयातली गाठ दिसू लागली तीही अशाच आवाजाने, हे मला मोठ्या खालांच्या आजारपणात कळलं.

त्यांना दम लागायचा. झडप आकसली म्हणून दोन वर्षं गोळ्या चालल्या. नागपूरला इको केला तेव्हा डाव्या कर्णिकेत देठावर लोंबणारी गाठ दिसली. मिक्सोमा. ठोक्यागणिक ती झडपेत उतरायची, म्हणून लक्षणं हुबेहूब झडपेच्या रोगाची! तुकडा सुटून मेंदूत गेला असता तर लकवाच.

पूर्वी अशी गाठ बहुधा शवविच्छेदनातच सापडे. धातूतली चीर आवाजाने शोधणारं यंत्र जहाज कारखान्यांत होतं. स्वीडनच्या लुंड शहरात डॉक्टर इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेलमुट हर्ट्झ यांनी ऑक्टोबर 1953 मध्ये तसंच यंत्र हृदयावर धरलं. पडद्यावर चित्र नव्हतं, नुसत्या हलत्या रेघा. पुढच्याच वर्षी स्टॉकहोमला क्लॅरेन्स क्राफोर्द यांनी मिक्सोमा यशस्वीपणे काढला, म्हणजे इलाजही आला. 1959 मध्ये जर्मनीत स्वेन एफर्ट यांना अशी गाठ त्या रेघांमध्ये ओळखता आली.

खालांची गाठ निघाली, आता त्या जिना चढतात. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. तेवढं अंतर कापायला आम्हाला दोन वर्षं लागली, हे मला अजून खुपतं.