शोधयंत्रांसाठीच्या लेखनाचा इतिहास : साक्ष, नक्कल आणि मराठी मजकूर

प्रस्तावना :

ग्रंथालयात हजारो ग्रंथ असले, तरी ज्या ग्रंथाची तालिकेत नोंद नाही तो वाचकाच्या दृष्टीने जवळजवळ नसल्यासारखाच असतो. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे जे पाच सिद्धांत मांडले, त्यांत वाचक व ग्रंथ यांची गाठ घालून देण्यास मध्यवर्ती स्थान होते. महाजालावर हे काम शोधयंत्रे करतात. ग्रंथालयातील तालिका तटस्थ ग्रंथपाल तयार करतो. महाजालावर मात्र आपले पान कोणत्या क्रमाने दिसावे यासाठी पान लिहिणाराच प्रयत्न करू शकतो. या प्रयत्नांतून 'शोधयंत्र अनुकूलन' हा व्यवसाय उभा राहिला.

प्रस्तुत निबंधात या लेखनाच्या इतिहासाचा आढावा घेतला आहे. पानाच्या योग्यतेविषयी कोणाची साक्ष ग्राह्य धरावी, हा या इतिहासातील मूळ प्रश्न होय. प्रत्येक टप्प्यावर एक साक्ष मान्य झाली आणि लवकरच तिची नक्कल सुरू झाली, असे येथे प्रतिपादन केले आहे. मराठी मजकूर या प्रक्रियेत उशिरा का आला, याचाही विचार अखेरीस केला आहे.

१. पानाची स्वतःविषयीची साक्ष :

मॉन्ट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात ॲलन एमटेज यांनी १९९० मध्ये तयार केलेली 'आर्ची' ही प्रणाली केवळ फाइलींची नावे शोधत असे. पानातील संपूर्ण मजकूर शोधण्याची सोय वॉशिंग्टन विद्यापीठातील ब्रायन पिंकर्टन यांच्या 'वेबक्रॉलर'ने १९९४ मध्ये उपलब्ध करून दिली. डिसेंबर १९९५ मध्ये 'अल्टाव्हिस्टा' सुरू झाले.

या यंत्रांमागील विचार जुना होता. कॉर्नेल विद्यापीठातील जेरार्ड सॉल्टन यांनी दस्तऐवजातील शब्दांवरून त्याचा विषय ठरविण्याच्या पद्धती विकसित केल्या होत्या. सर्वत्र आढळणाऱ्या शब्दापेक्षा विरळ आढळणाऱ्या शब्दाला अधिक भार द्यावा, हे तत्त्व कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडले. परंतु या पद्धती प्रामुख्याने शास्त्रीय लेखांच्या सारांशांसारख्या संग्रहांवर तपासल्या गेल्या होत्या. अशा सारांशाच्या लेखकाला यंत्राची फसवणूक करण्याचे काहीच कारण नव्हते. महाजालावर ते कारण निर्माण झाले. कारण वरच्या क्रमासोबत ग्राहक येत होता.

परिणामी एकच शब्द पानात शेकडो वेळा लिहिणे, पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे टंकून वाचकाला न दिसणारा मजकूर भरणे, पानाच्या शीर्षभागातील शोधशब्दांच्या अदृश्य सूचीत विषयाशी संबंध नसलेले लोकप्रिय शब्द घालणे, असे प्रकार रूढ झाले. ही सूची आपण क्रमनिश्चितीसाठी वापरत नाही, असे गूगलने २००९ मध्ये जाहीर केले. स्वतःविषयीची साक्ष अशा रीतीने अविश्वसनीय ठरली.

२. इतरांची साक्ष :

यावरील उपाय विद्यापीठीय परंपरेतूनच आला, ही बाब प्राध्यापक वर्गाने विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये उद्धरणसूचीची कल्पना मांडली होती. ज्या लेखाचा उल्लेख इतर संशोधक करतात तो लेख महत्त्वाचा, हा विचार स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी महाजालातील दुव्यांना लावला. या पद्धतीवरील तांत्रिक अहवालाच्या लेखकांत भारतात जन्मलेले राजीव मोटवानी हेही होते. एका पानाने दुसऱ्या पानाला दिलेला दुवा हे जणू मत मानले गेले. मात्र सर्व मते समान नव्हती. ज्या पानाला स्वतःलाच अनेक महत्त्वाचे दुवे मिळाले आहेत, त्याच्या मताचे वजन अधिक होते. १९९८ मधील त्यांच्या निबंधात सुमारे २ कोटी ४० लाख पानांच्या संग्रहाचे वर्णन आहे. त्याच निबंधाच्या परिशिष्टात, जाहिरातींवर चालणारे शोधयंत्र जाहिरातदारांकडे झुकेल, अशी शंका त्यांनी व्यक्त केली होती. २००० मध्ये गूगलने स्वतःची जाहिरात योजना सुरू केली.

लवकरच दुव्यांचीही खरेदी-विक्री होऊ लागली. परस्परांना दुवे देणाऱ्या निरर्थक पानांची जाळी उभारली गेली. २००३ मध्ये अनेकांनी ठरवून दिलेल्या दुव्यांमुळे 'दारुण अपयश' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा शोध घेतला असता अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांचे चरित्रपान वर येऊ लागले. फेब्रुवारी २००६ मध्ये बीएमडब्ल्यू कंपनीचे जर्मन संकेतस्थळ, यंत्राला एक व वाचकाला दुसरेच पान दाखविल्याबद्दल, गूगलच्या सूचीतून काही काळ वगळण्यात आले. कृत्रिम दुव्यांविरुद्धचा 'पेंग्विन' हा बदल एप्रिल २०१२ मध्ये लागू झाला.

३. वाचकाची साक्ष :

यानंतर वाचकाचा अनुभव हा निकष पुढे आला. केवळ शोधशब्दांसाठी घाऊकपणे लिहिलेल्या उथळ लेखांविरुद्ध फेब्रुवारी २०११ मध्ये 'पांडा' हा बदल करण्यात आला. २०१९ मध्ये वापरात आलेल्या 'बर्ट' या भाषिक प्रारूपामुळे सुट्या शब्दांऐवजी वाक्यातील संदर्भ समजून घेण्याचा प्रयत्न सुरू झाला. शोधनिकालांवरील वाचकांच्या क्लिकचाही क्रमनिश्चितीत उपयोग होतो, ही बाब अमेरिकेतील मक्तेदारीविरोधी खटल्यात २०२३ मध्ये झालेल्या साक्षींतून पुढे आली. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे घाऊक लेखन आणखी सोपे झाले आणि मार्च २०२४ मध्ये गूगलला अशा पानांविरुद्ध नवे धोरण जाहीर करावे लागले. निकष बदलला, नक्कल मात्र थांबली नाही.

४. मराठी मजकुराचा प्रश्न :

इंग्रजी पानांमध्ये वरच्या क्रमासाठी ही स्पर्धा चालू असताना बहुसंख्य मराठी पाने स्पर्धेत उतरलीच नव्हती. त्या काळातील मराठी संकेतस्थळे मुख्यतः विशिष्ट फॉन्टवर अवलंबून होती. पडद्यावर 'क' दिसत असला, तरी संगणकाच्या साठ्यात एखाद्या रोमन अक्षराचा किंवा चिन्हाचा संकेतांक असे. प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी असल्यामुळे शोधयंत्राच्या लेखी तो मजकूर म्हणजे निरर्थक अक्षरांची ओळ होती. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच देवनागरीचा समावेश होता. परंतु सामान्य संगणकावर ती सोय विंडोज २००० नंतर हळूहळू पोहोचली. २००३ मध्ये सुरू झालेला मराठी विकिपीडिया हा या परिवर्तनातील महत्त्वाचा टप्पा होय.

युनिकोडनंतरही काही अडचणी उरतात. 'विहीर' हा शब्द मजकुरात 'विहिरीचे', 'विहिरींवर' अशा सामान्यरूपांतून येतो. केवळ अक्षरे जुळविणाऱ्या यंत्राला ही रूपे वेगळी वाटतात. 'दऱ्या' या शब्दातील रकार दोन भिन्न संकेतक्रमांनी टंकता येतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, यंत्राला मात्र दिसतो. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरजुळणी करून पीडीएफ स्वरूपात ठेवलेले मराठी शोधनिबंध तर महाजालावर असूनही शोधात सापडत नाहीत.

निष्कर्ष :

१. गुणवत्तेचे कोणतेही बाह्य चिन्ह पुरस्काराचे साधन झाले की त्याची नक्कल होते. २०१० नंतर गुणांकनासाठी प्रकाशनांची संख्या मोजली जाताना उच्च शिक्षणक्षेत्राने हा अनुभव घेतला आहे.

२. शोधयंत्राला फसविणे आणि वाचकाला शोध सुलभ करून देणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीचे यश प्रत्येक बदलाबरोबर संपुष्टात आले. नेमके शीर्षक, विषयदर्शक उपशीर्षके, वाचक प्रत्यक्ष वापरतो ते शब्द व प्रामाणिक संदर्भदुवे या गोष्टी मात्र सर्व टप्प्यांवर उपयुक्त ठरल्या.

३. मराठीतील संशोधन सापडत नसेल, तर पुढील संशोधक ते झालेच नाही असे गृहीत धरून इंग्रजी साधनांवर विसंबेल. त्यामुळे महाविद्यालयांनी आपली नियतकालिके युनिकोडमध्ये प्रकाशित करणे, जुन्या अंकांचे रूपांतर करणे आणि शीर्षकात शक्यतो शब्दाचे मूळ रूप वापरणे आवश्यक आहे. एकेकाळी ग्रंथपालाने तालिकेसाठी घेतलेले कष्ट आता लेखकाने व संपादकाने घेणे हे त्यांच्या विद्याव्यवहाराचेच कर्तव्य ठरते.