गाण्यातली तीन नावं

द स्मिथ्स म्हटलं की मॉरिसीच्या रडक्या, तिरकस ओळी आठवतात. पण त्यांचं एक गाणं पहिल्यांदा ऐकताना मी मध्येच हेडफोन काढून ठेवले होते. 'सफर लिटल चिल्ड्रन'.

१९६३ ते १९६५ मध्ये मँचेस्टर परिसरात इयन ब्रेडी आणि मायरा हिंडली यांनी पाच मुलांचे खून केले. सॅडलवर्थच्या माळावर प्रेतं पुरली, एक सोडून. मॉरिसी त्याच शहरातला, जन्म १९५९चा. म्हणजे बघा, ही भीती त्याच्या लहानपणीच्या गल्लीतली.

१९८२ मध्ये जॉनी मारसोबत केलेल्या अगदी पहिल्या गाण्यांपैकी हे एक. त्यात तो मुलांची नावं घेतो. लेस्ली ॲन, जॉन, एडवर्ड. तीनच का? कारण १९६६चा खटला तिघांच्याच खुनांचा होता. पॉलिन रीड आणि कीथ बेनेट तेव्हा नुसते 'बेपत्ता' होते. कोर्टाला जेवढं ठाऊक होतं, तेवढंच गाण्याला!

१९८४ मध्ये रेकॉर्ड आली आणि गहजब झाला. नातेवाईक दुखावले, बूट्स आणि वूलवर्थ्सनी ती दुकानांतून काढली. तो राग मला पटतो. आपल्या घरातलं नाव रेडिओवर का ऐकावं कुणी? पण लेस्लीच्या आईशी, ॲन वेस्ट यांच्याशी मॉरिसी स्वतः बोलला, आणि पुढे दोघांची मैत्री झाली.

पॉलिनचा देह १९८७ मध्ये सापडला. कीथचा अजून सापडलेला नाही.